आलापल्लीत साइट राखणारे

आलापल्ली म्हटलं की आधी सागवान आठवतो. अहेरी तालुक्यातलं हे गाव वनविभागाचं मुख्यालय आहे. इथल्या ‘वनवैभव’ या जपून ठेवलेल्या जंगलाच्या तुकड्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला आणि महाराष्ट्रातलं असं ते पहिलं स्थळ ठरलं. आष्टीकडून येणारा रस्ता इथे फुटतो आणि अहेरी, एटापल्ली, भामरागड, सिरोंचा या तालुक्यांकडे जातो. दक्षिण गडचिरोलीत कुठेही जायचं तर बहुधा आलापल्लीवरूनच जावं लागतं. अशा गावात तीन-चार जणांनी मिळून वेबसाइटचा धंदा काढावा का आणि काढला तर तो कशाच्या बळावर चालेल, हा या लेखाचा विषय. माझ्या मते तो चालेल, पण त्यांनी साइट बांधून विकण्यापेक्षा साइट राखण्याचं काम घेतलं तर. पुढचा संवाद कल्पित आहे. त्यातले आक्षेप मात्र खरे आहेत. या धंद्यात मुरलेली माणसं ते घेतात आणि ते हलके नाहीत. आक्षेप घेणाऱ्याला नागपूरकर म्हटलं आहे, कारण विदर्भात या कामाचा बाजार तिथे आहे. उत्तर देणारी बाजू माझी.

नागपूरकर : भाऊ, आधी आमचा धंदा आतून पाहा. लहान एजन्सी म्हणजे दोन डेव्हलपर, एक डिझायनर आणि दिवसभर क्लायंटच्या फोनवर असणारा एक माणूस. येणारं कामही ठरलेलं: कोचिंग क्लास, दवाखाना, मंगल कार्यालय, बिल्डर, एखादी राइस मिल. कोटेशन द्यायचं, निम्मे पैसे ॲडव्हान्स घ्यायचे, वर्डप्रेसवर तयार थीम चढवायची, लोगो आणि रंग बदलायचे, डेमो दाखवायचा. इथवर आठवडाभराचं काम. त्यानंतर मजकुराची वाट पाहणं सुरू होतं. ‘आमच्याविषयी’च्या पानावर काय लिहायचं ते क्लायंटला सुचत नाही, फोटो येतात ते धूसर, आणि साइट महिनोन्‌महिने अर्धवट पडून राहते. तोवर ‘थोडे चेंजेस’ चालूच असतात. शेवटी ती लाइव्ह होते, उरलेल्या पैशांसाठी खेटे घालावे लागतात, आणि वर्षभराने डोमेन रिन्यू करायचं म्हटलं की क्लायंट सांगतो, साइटवरून एकही गिऱ्हाईक आलं नाही, राहू द्या. नागपुरात हे परवडतं, कारण एक गेला तर दुसरा येतो. आलापल्लीत दुसरा कुठून आणाल? तिथल्या दुकानदाराची जाहिरात व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर होते, गूगलच्या नकाशावर दुकानाचं नाव फुकट लागतं, आणि आता तर एआयला चार ओळी सांगितल्या की पान तयार होतं. पाच-पंचवीस साइट झाल्या की तुमचा बाजार संपला.

मी : दादा, तुमचं वर्णन मला जसंच्या तसं मान्य आहे. माझा मुद्दा त्यातूनच निघतो. तुम्ही सांगितलेल्या अडचणी पुन्हा एकदा पाहा. बांधकाम कुठेच अडलेलं नाही. अडलं आहे ते मजकुरावर आणि साइट लाइव्ह झाल्यानंतर ती ताजी ठेवण्यावर. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं आणि आज जगातल्या चाळीस टक्क्यांहून अधिक साइट त्याच्यावर चालतात. म्हणजे पान उभं करण्याची मजुरी वीस वर्षं उतरतेच आहे आणि एआयने उरलेलीही काढून घेतली. ज्या कामाची किंमत शून्याकडे निघाली आहे तेच काम आलापल्लीत विकायला बसलं, तर बाजार नाही असंच दिसणार. पण परवाच्या ग्रामसभेत कोणता ठराव झाला, तेंदूच्या ठेकेदाराकडून रॉयल्टीचा कितवा हप्ता आला, हे एआयला माहीत नाही. ते वहीत आहे आणि वही सचिवाच्या घरी आहे. ती उघडायची, अक्षर लावायचं, आकडा जुळत नसेल तर विचारायचं, टाइप करायचं, चारचौघांत वाचून दाखवायचं आणि मगच वर चढवायचं, याला माणूस लागतो. तो नागपुरात बसून चालत नाही. बोलावल्यावर संध्याकाळी मोटारसायकलवर पोचेल असा लागतो.

नागपूरकर : पण त्या वहीत जगाने वाचावं असं आहे काय? गावाचा हिशेब गावाला माहीत असतो.

मी : इथेच गडचिरोलीची गोष्ट वेगळी आहे आणि ती जरा विस्ताराने सांगायला हवी. १९९६ चा अनुसूचित क्षेत्रांतल्या पंचायतींसाठीचा पेसा कायदा, २००६ चा वनहक्क कायदा आणि २०१४ मध्ये महाराष्ट्राने केलेले पेसाचे नियम यांनी गौण वनोपजाचा कारभार ग्रामसभेकडे दिला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने गावाने स्वतः द्यायचे हा अधिकार प्रत्यक्ष हातात आला. त्यानंतर जिल्ह्यात हजाराहून अधिक ग्रामसभांना असे हक्क मिळाले. देशात एवढ्या मोठ्या प्रमाणावर हे फार थोड्या ठिकाणी झालं आहे. तेंदूपत्त्याची विक्री वनविभागामार्फत करायची की स्वतः, हे ग्रामसभा ठरवते. अनेक ग्रामसभा स्वतः निविदा काढतात. म्हणजे ज्या वस्तीत कालपर्यंत कोणी बोली लावलेली पाहिली नव्हती, ती आज लाखांचे व्यवहार करते. आणि हा व्यवहार गावापुरता नाही. विड्यांचा धंदा गोंदियात आहे, तेलंगणात आहे, घेणारा तिकडून येतो. निविदा त्याच्यापर्यंत पोचली नाही तर बोली लावणारे दोनच उरतात, आणि दोघं एकमेकांना ओळखत असले तर भाव काय लागेल हे तुम्हाला सांगायला नको.

तेंदूचा हंगाम उन्हाळ्यात जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा. सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. सगळं घर पहाटे जंगलात जातं, दुपारी पुडे बांधतं आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, नेऊन मोजून देतं. मजुरी शेकडा पुड्यांवर मिळते, रॉयल्टी वेगळी आणि ती मागाहून येते. मागाहून येते म्हणूनच थकते. ठेकेदाराकडे रॉयल्टी अडकल्याच्या तक्रारी या भागाला नव्या नाहीत. अशा ग्रामसभेचं एक पान डोळ्यांसमोर आणा. वर गावाचं नाव आणि जनगणनेतला संकेतांक, कारण एकाच नावाची गावं जिल्ह्यात अनेक आहेत आणि एकाच गावाचं नाव तीन दप्तरांत तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं. खाली यंदाचा अंदाज किती गोण्यांचा, गेल्या हंगामात प्रत्यक्ष किती झाल्या, फळ्या किती आणि कुठे, तिथवर ट्रक जातो की ट्रॅक्टरनेच माल काढावा लागतो, अनामत किती, निविदा कधी आणि कुठे उघडणार. लिलाव झाला की त्याच पानावर घेणाऱ्याचं नाव आणि दर. हंगाम संपला की एकूण संकलन, वाटलेली मजुरी, आलेली रॉयल्टी आणि बाकी. तारीख प्रत्येक ओळीला. एवढंच पान. त्यात सरकती चित्रं नकोत, फोटोंची गॅलरी नको. पण पाच हंगाम हे पान राखलं तर सहाव्या वर्षी ज्या ठेकेदाराची बाकी आजूबाजूच्या चार गावांत लटकलेली दिसते, त्याला पाचव्या गावाने काम देण्याआधी विचार करायला जागा मिळते. आलापल्लीला ही शिस्त अनोळखी नाही. सरकारी लाकूड डेपोत प्रत्येक लठ्ठ्यावर क्रमांक असतो, लांबी आणि गोलाई मोजलेली असते, खात्याच्या हातोड्याची खूण असते आणि नोंदीशिवाय लाकूड बाहेर पडत नाही. सरकारच्या सागवानाला जी नोंद मिळाली ती गावाच्या पानांना मिळावी, एवढंच मी मागतो आहे.

नागपूरकर : सरकारने हे आधीच केलं आहे, भाऊ. जिल्ह्यांच्या साइट एनआयसी या सरकारी संगणक संस्थेच्या एकाच साच्यावर तयार होतात. ग्रामपंचायतींचा हिशेब २०२० पासून ई-ग्रामस्वराजवर दिसतो. त्याखाली जे उरतं त्याला व्हॉट्सॲपचे ग्रुप आहेत. निविदेचा फोटो ग्रुपवर टाकला की तासाभरात शंभर जणांपर्यंत जातो. तुमच्या साइटवर शंभर माणसं वर्षात तरी येतील का?

मी : सरकारी पोर्टल चांगलंच आहे, ते असावं. पण त्याचं माप ग्रामपंचायत आहे. इथल्या पंचायती गटपंचायती. एका पंचायतीत अनेक गावं-टोले आणि पेसाच्या नियमांनी टोल्यालाही स्वतंत्र गाव म्हणून ग्रामसभा मिळू शकते. ग्रामसभेचा कोष वेगळा, खातं वेगळं, ठराव वेगळे. पंचायतीचा ई-ग्रामस्वराजवरचा आकडा बरोबर असूनही टोल्याच्या तेंदूचा रुपया त्यात शोधून सापडत नाही. पेसा गावांसाठी येणाऱ्या पाच टक्के अबंध निधीचंही तसंच: पंचायतीपर्यंतची वाट दिसते, पुढे वस्तीपर्यंतची दिसत नाही. राहता राहिलं व्हॉट्सॲप. तासाभरात शंभर जणांपर्यंत पोचण्यात त्याला तोड नाही, आणि माझी एजन्सीही निविदेचा दुवा ग्रुपवरच टाकेल. पण ग्रुपवरचा फोटो दुसऱ्या दिवशी शुभेच्छांखाली बुडतो. निझामाबादच्या व्यापाऱ्याला त्या ग्रुपमध्ये कोणी घेतलेलं नसतं. दोन वर्षांनी वाद उभा राहिला तर फोन बदललेला असतो, ग्रुप बंद झालेला असतो. बातमी पोचवायला ग्रुप पुरतो. नोंद टिकवायला ठरलेला पत्ता लागतो. वर्षात शंभरच माणसं त्या पत्त्यावर आली आणि त्यातले दहा बोली लावणारे असले, तर पान आपला खर्च भरून काढतं.

नागपूरकर : खर्चाचा विषय तुम्हीच काढलात, बरं झालं. समजा चाळीस ग्रामसभा तुमच्याकडे आल्या. प्रत्येकीने महिन्याला पाचशे रुपये दिले. झाले वीस हजार. तीन माणसं, एक खोली, इन्व्हर्टर, पेट्रोल. प्रत्येकाच्या हाती पाच हजारही पडणार नाहीत. नागपुरात नवशिक्या पोराला याहून जास्त मिळतं. आणि चाळीस ग्रामसभांकडे वसुलीला फिरणार कोण?

मी : हा आक्षेप मी खोडू शकत नाही. त्याचं वजन कमी करू शकतो. एकट्या ग्रामसभेशी करार करणं ही चूक ठरेल. शेकड्यांनी गोण्या विकणाऱ्या ग्रामसभेला वर्षाचे सहा हजार जड नाहीत. दहा-वीस गोण्यांच्या टोल्याला जड आहेत, आणि नोंदीची जास्त गरज त्याच टोल्याला आहे. म्हणून करार संघाशी व्हायला हवा. कोरची तालुक्यात महाग्रामसभा उभी राहिली आहे. अनेक ग्रामसभा तिथे एकत्र बसतात, विक्रीचे निर्णय विचारविनिमयाने घेतात. असा संघ गोण्यांच्या प्रमाणात वर्गणी ठरवू शकतो आणि एजन्सीला वसुलीसाठी चाळीस दारं फिरावी लागत नाहीत. तरीही दोन-तीन वर्षं एवढ्यावर पोट भरणार नाही, हे मान्य. निम्मं काम बाहेरचं घ्यावं लागेल, कदाचित तुमच्याच ऑफिसातलं. त्यात कमीपणा नाही. बाहेरच्या कामाने हात तयार राहतो, चाचणी करण्याची आणि बॅकअप घेण्याची शिस्त लागते. मात्र कोणतं काम कोणासाठी पोसलं जातंय हे भागीदारांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असावं. बाहेरचं काम पगार काढेल, इथलं काम एजन्सीला कारण देईल. काही वर्षांनी इथल्या कामातून निम्मा खर्च निघायला लागला नाही, तर तुमचा आक्षेप खरा ठरला असं मी म्हणेन.

नागपूरकर : आणि नेटवर्क? पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागड तुटतं. टॉवर आहे पण वीज नाही, वीज आहे तर फायबर तुटलेली.

मी : सर्व्हर आलापल्लीत ठेवा असं कोणीच म्हणत नाही, तो कुठेही असू द्या. काम आपल्या लॅपटॉपवर करून ठेवता येतं आणि रेंज आली की पाठवता येतं. खरी अडचण वाचणाऱ्याची आहे आणि तिचं उत्तर हिशेबात आहे. फोनच्या पॅकचा रोजचा डेटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. तुमच्या थीमच्या पहिल्या पानावर फोनमधून काढलेला एक मोठा फोटो असतो, चार एमबीचा. ६४ केबीपीएसने तो उतरायला आठ मिनिटांहून अधिक लागतात. एवढा वेळ फळीवर उभा असलेला माणूस थांबत नाही. आता मजकूर मोजा. देवनागरीतल्या अक्षराला, काना-मात्रेलाही, युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत तीन बाइट लागतात. पाच हजार चिन्हांचं भरगच्च पान झालं पंधरा केबी. त्याच वेगाने दोन सेकंदांत उघडतं. देवनागरीचा फाँट आजच्या फोनमध्ये असतोच, तो वेगळा पाठवायची गरज नाही. एकदा उघडलेलं पान फोनमध्येच साठवून रेंज नसताना दाखवण्याची सोय ब्राउझरमध्ये आहे. तेव्हा हलकं पान ही इथे कौशल्याची पहिली परीक्षा आहे. जड थीमवर वाढलेल्या आपल्या धंद्यात हे कौशल्य दुर्मीळ झालं आहे. आणि कृतिदेव या जुन्या फाँटात टाइप करून स्कॅन केलेल्या नोटिसांच्या पीडीएफ वर चढवायची सवय मोडायला हवी. तशी नोटीस डोळ्यांना दिसते, पण शोधात सापडत नाही आणि आंधळ्या माणसाच्या फोनला वाचता येत नाही.

नागपूरकर : वाचणारा मराठीच वाचेल हे धरून चाललात. भामरागड-एटापल्लीकडची म्हातारी माणसं माडिया बोलतात. सिरोंच्याकडे तेलुगू. तुमचं पंधरा केबीचं पान त्यांच्यासाठी कोरंच की.

मी : खरं आहे. पान लिहून झालं की काम संपलं असं समजणाऱ्यांनी या मुद्द्यापाशी थांबायला हवं. माडिया गोंडीच्या कुळातली, आणि गोंडी बोलणारे २०११ च्या जनगणनेत तीस लाखांच्या आसपास आहेत. मसराम गोंडी आणि गुंजाळा गोंडी या लिप्या २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आल्या. ती मोठी गोष्ट आहे, पण त्या वाचणारे अजून थोडे. शेजारच्या छत्तीसगडने वेगळी वाट दाखवली. पत्रकार शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये सीजीनेट स्वरा सुरू केलं. साध्या फोनवरून नंबर लावायचा, आपल्या भाषेत तक्रार किंवा बातमी बोलून ठेवायची, संपादन करणारा ती ऐकून पुढे पाठवणार आणि इतरांना तोच नंबर लावून ती ऐकता येणार. लिहिता-वाचता येण्याची अट या सेवेने काढून टाकली. आपल्या पानावरही प्रत्येक निविदेखाली आणि प्रत्येक हिशेबाखाली गावातल्याच कोणाच्या तरी आवाजात एक मिनिटाचं वाचन ठेवता येईल, माडियात आणि लागेल तिथे तेलुगूत. साध्या बोलण्याला १६ केबीपीएस पुरतात. मिनिटभराचा आवाज १२० केबीचा होतो, म्हणजे त्या चार एमबीच्या फोटोत असे तीसहून अधिक आवाज बसतील. पण तो आवाज कोणाचा, कोणत्या गावची बोली, ‘अनामत’ त्या बोलीत कशी समजावून सांगायची, हे ठरवायला तिथली पोरगी किंवा पोरगा ऑफिसात हवा. मी आलापल्लीचा आग्रह धरतो त्यामागचं सर्वांत मोठं कारण हेच आहे.

नागपूरकर : आता मी जरा कडक बोलतो. या भागाने कित्येक दशकं दोन बंदुकांच्या मधलं जगणं पाहिलं आहे. कोणाचं नाव कुठे छापलं गेलं याला तिथे किंमत मोजावी लागली आहे. आणि आज सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक आलापल्लीवरून जातात. कंपन्या, ठेकेदार, वाहतूकदार आलेत. त्यांच्याकडे पैसा आहे आणि त्यांना साइट हवी असते. तुमची एजन्सी उपाशी असताना तो पैसा नाकारेल? आणि घेतला, तर ग्रामसभेची वही तुमच्याकडे विश्वासाने कोण देईल?

मी : या प्रश्नाला मी सर्वांत जास्त मान देतो. नावांचं आधी. कुटुंबवार मजुरीची यादी जगापुढे ठेवायची नाही, गावात वाचून दाखवायची. पानावर बेरजा, पदं, तारखा. काय उघड करायचं आणि काय नाही हे एजन्सीने ठरवायचं नाही. तो ग्रामसभेचा ठराव असेल आणि ठराव बदलला की पान बदलेल. सत्तरीतल्या माणसाने ‘हे काढून टाका’ म्हटलं तर कारण न विचारता आधी काढायचं आणि मग बोलायचं. पैशांचं उत्तर अवघड आहे. खाणीशी संबंधित काम घेऊच नये असं मी म्हणणार नाही. तिथल्या हमालापासून गॅरेजवाल्यापर्यंत अनेकांची चूल त्यावर पेटते, त्यांची साइट बनवण्यात पाप नाही. पण कोणत्याही एका क्लायंटचा वाटा वर्षाच्या उत्पन्नाच्या तिसऱ्या हिश्शावर जाऊ द्यायचा नाही, आणि कोणाचं काम घेतो त्याची यादी एजन्सीने स्वतःच्या साइटवर लावायची. ज्या प्रकरणात ग्रामसभा आणि कंपनी समोरासमोर आहेत, तिथे कंपनीचं प्रचाराचं काम घ्यायचं नाही. हे लिहून ठेवायचं, नुसतं मनात ठेवून भागत नाही.

विश्वास पासवर्डच्या कागदावरही ठरतो. आपल्या धंद्यात एक वाईट रीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. डोमेन एजन्सीच्या नावावर घ्यायचं, होस्टिंगचा पासवर्ड स्वतःकडे ठेवायचा, आणि क्लायंट सोडून जायला निघाला की तो परत द्यायला पैसे मागायचे. शहरात यामुळे दुकानदाराचं नुकसान होतं. इथे गावाची पाच वर्षांची नोंद एका माणसाच्या रागावर लटकेल. म्हणून डोमेन ग्रामसभेच्या किंवा संघाच्या नावाने, रिन्यूअलची पावती त्यांच्या फाइलमध्ये. पासवर्ड बंद पाकिटात दोन पदाधिकाऱ्यांकडे. दर वर्षी हंगामानंतर संपूर्ण साइट पेनड्राइव्हवर, साध्या फाइलींत, कुठल्याही संगणकावर उघडेल अशी. एजन्सी उद्या बंद पडली तरी गावाचं काही अडता कामा नये. यामुळे क्लायंटला बांधून ठेवण्याचं हत्यार आपल्या हातून जातं, हे खरं. चांगलं काम केल्याशिवाय तो टिकणार नाही, आणि मला तेच हवं आहे.

नागपूरकर : आणि तुमची शिकवलेली पोरं? दोन वर्षांत हात बसला की पुण्याला जातील.

मी : जातील. गोंडवाना विद्यापीठाच्या कॉलेजांतून संगणक शिकून निघालेल्या मुलांना आज गडचिरोलीच्या पुढे आलापल्लीकडे यायला कारणच नाही. झोहोने २०११ मध्ये तामिळनाडूत तेनकासीजवळच्या मथलंपारै गावात ऑफिस उघडलं आणि ते वाढवलं, हे उदाहरण लोक देतात.

नागपूरकर : झोहोकडे स्वतःचं भांडवल आणि स्वतःचं प्रॉडक्ट होतं. तीन जणांच्या दुकानाला ते माप लावू नका.

मी : लावत नाही, तुमचं बरोबर आहे. त्या उदाहरणातून एवढंच घेतो की खेड्यात चांगलं सॉफ्टवेअर लिहिलं जातं की नाही हा प्रश्न सुटलेला आहे. माणूस टिकतो की नाही हा सुटलेला नाही. तो जाणार हे धरूनच काम बेतावं लागेल. पान इतकं साधं असावं की बारावी झालेली गावातली मुलगी महिन्याभरात ते अद्ययावत करायला शिकेल. डेव्हलपर पुण्याला गेला तरी ती असेल, आणि साचा बिघडला तर तो पुण्याहून दुरुस्त करू शकतो. त्याचं काम दुरून होतं, तिचं होत नाही. म्हणून पगार ठरवताना तिचा आधी ठरवावा. आपल्या धंद्यात ‘कंटेंट टाकणारी’ म्हणून सर्वांत कमी पैसे तिला मिळतात. माझ्या हिशेबात एजन्सी तिच्यावर उभी आहे.

नागपूरकर : समजा मी मानलं. सुरुवात कुठून कराल? पर्यटनापासून करा, वनवैभव आहे, लोकांना फोटो आवडतात, साइट चटकन दिसेल.

मी : वनवैभवाची साइट पुढे करूच, ती आनंदाने करण्यासारखी आहे. पहिली नको, कारण ती एकदा केली की वर्षभर बदलायला काही नसतं आणि आपण पुन्हा बांधून विकायला लागतो. सुरुवात जूनमध्ये करावी. हंगाम संपलेला असतो, मजुरी वाटून झालेली असते, रॉयल्टीची वाट पाहणं चाललेलं असतं. पेरणीच्या धांदलीतही सचिवाला एक संध्याकाळ मिळतेच. वह्या त्या वेळी उघड्या असतात आणि आकडे लोकांच्या तोंडी ताजे असतात. एकमेकांना लागून असलेल्या पाच ग्रामसभा घ्याव्यात, ज्यांनी स्वतः विक्री केली आहे अशा. पैसे न घेता एका हंगामाचा हिशेब लावून द्यावा, त्या त्या गावात वाचून दाखवावा, चुका दुरुस्त कराव्यात. पावसाळाभर आवाज भरावेत. नवीन निविदा काढण्याची वेळ हिवाळ्याच्या शेवटी येते. तोवर पाचही पानं तयार असतील आणि त्यांचे दुवे गोंदियाच्या, तेलंगणातल्या व्यापाऱ्यांपर्यंत गेलेले असतील. किती निविदा आल्या, गेल्या वर्षी किती आल्या होत्या, हे त्याच पानावर लिहावं, कमी आल्या असल्या तरी लिहावं. मग संघाच्या बैठकीत वर्गणीचा विषय मांडावा.

नागपूरकर : आणि कमी आल्या, तर?

मी : तर आकडा पानावर राहील. वर्गणी न मागता दुसऱ्या वर्षी पुन्हा जूनमध्ये वह्या मागायला जावं लागेल, आणि गावाने त्या दिल्या नाहीत तर ते गावाचं उत्तर समजावं लागेल.